पोरगं म्हणतंय, ‘देव आहे कशावरून?’

‘आमचा मुलगा आठवीत आहे. रविवार शाळेत नेहमी पहिला, वचनं तोंडपाठ. गेल्या पावसाळ्यापासून प्रार्थनेला बसायचं म्हटलं की पोट दुखतं म्हणतो. परवा घरच्या प्रार्थनेत सगळ्यांदेखत विचारलं, देव आहे कशावरून? त्याचा विश्वास गेला का? आमचं कुठं चुकलं?’

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या कडक भक्तीच्या ख्रिस्ती घरांतून ही काळजी वरचेवर कानावर येते. कधी आई विचारते, कधी वडील, एखाद्या वेळी पास्टर स्वतः. विचारणाऱ्याला एक ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं असतं. ते लगेच देता येत नाही, कारण बाहेरून ‘शंका’ म्हणून जे दिसतं त्याच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात: खरोखरचा प्रश्न, भीतीचा आजार, आणि मनाला कुठंतरी लागलेला मार. वरवर तिन्ही सारख्या दिसतात, उपाय मात्र एकमेकांच्या उलटे. प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. भीतीला उत्तर दिलं की ती वाढते. मार लागलेल्या मुलाला उत्तर नकोच असतं, ऐकून घेणारं कोणीतरी हवं असतं.

इथं सांगितलेल्या मुलात तिन्ही होत्या, म्हणून ही हकिकत निवडली. ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि घरातले तपशील बदलले आहेत. सारख्या अनुभवातून गेलेल्या दोन-तीन कुटुंबांतल्या गोष्टी एकत्र केल्या आहेत.

मुलाचं वय १३. खानापूर तालुक्यातलं गाव, गावात ख्रिस्ती घरं चार. वडील बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आणि मंडळीचे, म्हणजे चर्चचे, खजिनदार. आई रविवार शाळा घेते. रोज रात्री आठला घरात प्रार्थना, शुक्रवारी उपास-प्रार्थना, रविवारी सकाळी मुलांचा वर्ग आणि मग दुपारी एकपर्यंत उपासना, निम्मी मराठीत, निम्मी कन्नडात. ईस्टरला त्याच्या वयाच्या पाच मुलांचा बाप्तिस्मा ठरला होता. चौघं तयार झाले, ह्यानं नको म्हटलं. पास्टरनी प्रेमानं कारण विचारलं, वडिलांनी रागानं; त्यानं दोघांनाही सांगितलं नाही. आईला वाटत होतं सैतानाचा हल्ला झालाय. वडिलांचा सगळा राग मोबाइलवर.

समुपदेशनाची पहिली भेट तासाभराची. पहिली वीस मिनिटं आई-वडील, पुढची तीस मुलगा एकटा, शेवटची दहा सगळे मिळून. मुलाशी बोलण्याआधी त्याला स्पष्ट सांगावं लागतं की तू इथं बोललेलं घरी जाणार नाही, तीन गोष्टी सोडून: तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळं दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी तुझ्याशी वाईट वागत असेल. अशा घरातल्या मुलाला आणखी एक वाक्य लागतं: ‘इथं तुला विश्वास सिद्ध करून दाखवायचा नाही, आणि सोडायचाही नाही.’ समुपदेशक ख्रिस्ती असला तर मुलाला तो पास्टरचा माणूस वाटतो. ख्रिस्ती नसला तर आईला धास्ती असते की हा आपल्या पोराला देवापासून तोडणार. दोन्ही संशय पहिल्याच दिवशी बोलून टाकले की पुढचे आठवडे वाचतात.

‘तुझा देवावर विश्वास आहे का?’ हा प्रश्न विचारू नये. त्यानं तो परीक्षेसारखा शंभरदा ऐकलेला असतो आणि त्याचं उत्तर त्याला पाठ असतं. त्याऐवजी विचारलं, ‘डोळे मिटून प्रार्थनेला बसलास की पहिल्या मिनिटात काय होतं?’ बराच वेळ टेबलाची कड खरवडत बसला. मग म्हणाला, ‘मी प्रार्थना कराय बसतो खरं, मधेच मनात पवित्र आत्म्याला शिवी यालीय. मग परत पहिल्यापासनं.’

इथून दोरा सापडला. मार्कच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात (३:२९) पवित्र आत्म्याची निंदा करणाऱ्याला कधीच क्षमा नाही असं म्हटलं आहे. ज्या घरात मुलं स्वतः पवित्र शास्त्र वाचतात तिथं दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या नजरेला हे वचन कधी ना कधी पडतंच. ‘हे तर माझ्याकडून झालं नसेल ना’ असं मनात आलं, की नेमका तोच विचार पुन्हा पुन्हा येऊ लागतो. मनाचा हा साधा कायदा आहे: जो विचार यायलाच नको म्हणून आपण पहाऱ्याला बसतो, तो आलाय का हे तपासण्यासाठी मन त्यालाच हाक मारतं.

ह्या मुलाची भीती तिथं सुरू झाली नव्हती. तिसरीत असताना मेमधल्या सुट्टीतल्या बायबल शाळेत त्यानं हात वर करून येशूचा स्वीकार केला होता. वर्षभरानं शंका आली, तेव्हा आपण मनापासून म्हटलं होतं का? खात्री करायला परत प्रार्थना केली. मग परत. शब्द चुकला की पहिल्यापासून. त्यातच १ थेस्सलनीकाकरांस ४:१७ वर प्रवचन ऐकलं, विश्वासणारे ढगांत वर घेतले जातील. एकदा शाळेतून आला तर घराला कुलूप, आई शेजारी लोणच्याच्या कैऱ्या फोडायला गेलेली. त्याला वाटलं, सगळ्यांना नेलं, मी राहिलो. तेव्हापासून रात्री उठून आई-वडील अंथरुणात आहेत का हे बघायची सवय लागली. घरात कुणाला हे माहीत नव्हतं. आईला एवढंच दिसत होतं की पोरगं झोपत नाही.

अशा वेळी पालक चकित होतात: ज्याचा विश्वास उडाला असं आपण म्हणत होतो, तो तर दिवसातून तीस-चाळीस वेळा क्षमेची प्रार्थना करतो! बाप्तिस्म्याला नकार त्यानं का दिला हे आता कळतं. आपण आधीच क्षमेबाहेर गेलो आहोत अशी त्याची समजूत. अशा अवस्थेत पाण्यात उतरणं म्हणजे देवाची थट्टा. प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) दिवशी पोट दुखण्याचं कारणही तेच, कारण १ करिंथमध्ये (११:२९) अयोग्य रीतीनं खाणाऱ्यावर न्यायदंड सांगितला आहे.

हे नवं नाही. प्रॉटेस्टंट घरांत मार्टिन लूथरचं नाव सगळ्यांना माहीत असतं. तरुणपणी मठात असताना तो पापांगीकाराला बसला की तासन्तास उठायचा नाही आणि उठल्यावर एखादं पाप राहिलं म्हणून परत जायचा, हे फारसं सांगितलं जात नाही. आजच्या वैद्यकीय भाषेत ह्याला धार्मिक विषयाचा ओसीडी म्हणतात, म्हणजे मंत्रचळेपणा. ओसीडी ज्या घरात जे सर्वांत मोलाचं असतं त्यालाच जाऊन चिकटतो. स्वच्छता मोलाची तर हात धुणं, देव मोलाचा तर क्षमा मागणं. भक्तीमुळं हा आजार होतो असं नाही, आणि भक्ती वाढवून तो जातही नाही.

प्रश्न आणि आजार वेगळे कसे ओळखायचे? प्रश्न बाजूला ठेवून जेवता येतं, क्रिकेट खेळता येतं. त्याला उत्तर मिळालं की समाधान होतं, नाहीतर त्यातून नवा, पुढचा प्रश्न निघतो. आजारातला प्रश्न मात्र त्याच शब्दांत परत येतो, आत्ताच्या आत्ता उत्तर मागतो, उत्तरानंतरची शांतता काही मिनिटंच टिकते, आणि त्याच्यामागोमाग काहीतरी ‘करावं’ लागतं: प्रार्थना, मोजणं, विचारणं, तपासणं. रात्री चोरून यूट्यूबवर देव आहे की नाही यावरचे वाद ऐकत बसणं हेही बहुतेक वेळा तपासणंच असतं. वडिलांना तो नास्तिकपणा वाटला होता.

पुढं जाण्याआधी दोन गोष्टी विचारल्याशिवाय कुठल्याही समुपदेशकानं उठू नये. एक, मरावंसं वाटतं का, आणि वाटलं तर कसं, हे थेट विचारायचं. विचारल्यानं कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. ज्याला नरकाची भीती आहे ते मूल ‘आत्महत्या पाप आहे’ म्हणून सुरक्षित असतं हाही गैरसमजच. आपण कसेही नरकात जाणार अशी ज्याची खात्री झाली त्याला ती भीती अडवत नाही. दोन, देवाच्या नावानं किंवा मंडळीच्या आडोशानं कोणी मारतं का, कोंडतं का, उपाशी ठेवतं का, नको तिथं हात लावतं का. एखादं मूल अचानक फक्त एका वर्गाला, एका माणसाला, एका खोलीला टाळू लागलं तर ती शंका देवाविषयी नसते. लैंगिक छळाची माहिती किंवा शक्यता कळली तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, समुपदेशकावर आणि पास्टरवरसुद्धा. ‘मंडळीची बदनामी’ हे न कळवण्याचं कारण होऊ शकत नाही. ह्या मुलाच्या बाबतीत तसं काही नव्हतं. मरणाचा विचार एकदोनदा आला होता, बेत नव्हता. तरीही आई-वडिलांना त्याच्यासमोर, त्याला आधी सांगून, तेवढं कळवलं, आणि शेतीची औषधं कुलपात गेली.

मुलांच्या ओसीडीसाठी दहा प्रश्नांची, ० ते ४० गुणांची मोजपट्टी वापरतात. ह्याचे गुण २२ आले, म्हणजे मध्यम तीव्रता. इथं मनोविकारतज्ज्ञाकडं पाठवलंच पाहिजे, निदानाची खात्री आणि औषधाचा निर्णय त्यांचा. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं जिल्हा रुग्णालय आहे, धारवाडला डिम्हान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. ह्याला औषध लगेच सुरू केलं नाही. आधी वर्तनोपचार, दोन-अडीच महिन्यांत फरक नाही पडला तर गोळ्या, असं ठरलं. जिथं गोळ्या सुरू होतात तिथं पालकांना हे सांगावं लागतं की ओसीडीत त्यांचा पुरता परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत ‘गुण नाही’ म्हणून बंद करणारे पुष्कळ. काही घरांत गोळी म्हणजे देवावर अविश्वास असं समजतात. अशा वेळी घरात बीपीची, साखरेची गोळी कोण घेतं एवढं विचारलं तरी पुरतं.

उपचाराची सुरुवात वहीपासून. चार रकाने: वेळ, काय विचार आला, भीती दहापैकी किती, त्यानंतर काय केलं. आठवडाभर काहीही बदलायचं नाही, नुसतं लिहायचं. शिवीचा विचार शब्दशः लिहायला तो तयार नव्हता, तर ‘तो विचार’ एवढंच लिहू दिलं. वहीतून दोन गोष्टी निघाल्या. संध्याकाळी सात ते दहा सगळ्यांत वाईट, म्हणजे घरच्या प्रार्थनेच्या आधी आणि नंतर. आणि आई! रोज रात्री तो आईला विचारायचा, ‘माझं तारण झालंय ना?’, म्हणजे देवानं मला पापातून वाचवलंय ना, आणि आई मायेनं म्हणायची, ‘हो रे बाळा, झालंय.’ कधी पाच वेळा, कधी पंधरा वेळा. इथंच बहुतेक घरं अडतात. खाजवलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि खाज वाढते, तसा हा दिलासा. आईचं प्रेम त्या आजाराचं खाद्य झालं होतं. हे आईला सांगताना जपून सांगावं लागतं, नाहीतर तीही अपराधी होऊन दुसरी रोगी तयार होते.

एकदम बंद करायचं नाही. ठरलं ते असं: रात्री तो एकदा विचारेल, आई एकदा उत्तर देईल. दुसऱ्यांदा विचारलं तर ठरलेलं एकच वाक्य, आवाज न चढवता: ‘ह्याचं उत्तर दिलंय. आता भीती विचारालीय, वहीत लिही.’ तिसऱ्या आठवड्यात ते एक उत्तरही दिवसाआड. पहिले चार-पाच दिवस त्याचा त्रास वाढला, रडला, एकदा भांडं फेकलं. हे आधी सांगून ठेवलेलं नसेल तर आई इथं हमखास माघार घेते, आणि माघार घेतली की पुढच्या वेळी भीती दुप्पट हट्टी होते. वडिलांनाही तेच वाक्य पाठ करायला लावलं, नाहीतर मूल आईकडून मिळेना म्हणून बापाकडं जातं.

क्षमेच्या प्रार्थनेसाठी ‘उशीर’ वापरला. प्रार्थना करू नको असं त्याला सांगायचं नाही. सांगण्याचा अधिकारही आपल्याला नाही. विचार आला की पाच मिनिटं थांब, मग हवं तर कर. आठवड्यानं दहा मिनिटं, मग वीस. वीस मिनिटांनंतर बऱ्याचदा करायचीच राहते. शब्द चुकला तर तसंच पुढं जायचं, मागं फिरायचं नाही. त्यानंतर भीतीची शिडी. खालची पायरी: ‘वर घेतले जातील’ हे वचन वाचायचं आणि लगेच प्रार्थना करायची नाही. मधली: शाळेतून कुलूपबंद घरी यायचं, आईला हाक न मारता अर्धा तास पायरीवर बसायचं. त्याच्या वरची: रात्री आई-वडिलांना बघायला न उठणं. सर्वांत वरची, त्याच्या मते दहापैकी नऊची: ‘माझं तारण झालंय की नाही हे मला आज नक्की माहीत नाही’ हे वाक्य कागदावर लिहून तो कागद दिवसभर खिशात ठेवायचा.

ह्या शिडीला एक मर्यादा आहे, ती ओलांडणारे उपचारक आम्हाला मान्य नाहीत. मुलाला त्याच्या धर्मात जे खरोखर पाप आहे ते करायला लावायचं नाही. देवाला शिवी म्हणून दाखव, पवित्र शास्त्र पायाखाली ठेव, असले प्रयोग नकोत. त्यानं मूल घाबरतं, घर तुटतं, उपचार थांबतो. मोजमाप त्याच मंडळीतल्या निरोगी विश्वासणाऱ्याचं घ्यायचं. म्हणून मुलाची आणि पालकांची परवानगी घेऊन पास्टरना भेटलो. विचारलं, तुमच्या मंडळीतला साधा माणूस दिवसातून किती वेळा क्षमा मागतो? ते म्हणाले, ‘सकाळी आणि रात्री. एवढं पुरे झालं की.’ तीच मुलासाठी हद्द ठरली आणि ती पास्टरच्या तोंडून आली याला वजन होतं.

पास्टरना आणखी तीन विनंत्या केल्या. वेदीवरून नाव न घेता टोमणा नको. सगळ्यांसमोर डोक्यावर हात ठेवून सैतान घालवण्याची प्रार्थना नको. ज्या मुलाला आपण आतून घाण आहोत असं आधीच वाटतंय त्याला त्यावर शिक्का बसतो. आणि बाप्तिस्म्याची तारीख नको. तिसऱ्याला वडील अडले, पास्टर अडले नाहीत. कारण सरळ आहे. ज्या मंडळ्या तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत, त्यांची सगळी भूमिकाच अशी की माणसानं स्वतः समजून, स्वतःच्या तोंडानं कबूल करावं. मग पाच जणांची तुकडी ईस्टरला उतरवायची म्हणून पाचव्याला मनाविरुद्ध ओढायचं हे त्यांच्याच शिकवणीत बसत नाही. मेथडिस्ट घरांत तान्हेपणीच बाप्तिस्मा होतो, तिथं हाच पेच दृढीकरणाच्या वेळी येतो, म्हणजे मोठं झाल्यावर तो विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करायच्या विधीला.

वचनांबद्दल एक सावधगिरी. शंका घेणाऱ्यांना पवित्र शास्त्रात जागा आहे. तुरुंगात पडलेला बाप्तिस्मा करणारा योहान ‘जो येणार तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?’ असं विचारून पाठवतो (मत्तय ११:३). येशू पुन्हा उठला हे स्वतः पाहिल्याशिवाय न मानणारा शिष्य थोमा आहे. मार्कच्या नवव्या अध्यायातला बाप आहे, विश्वास आणि अविश्वास एकाच वाक्यात बोलणारा. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं. संशयात असलेल्यांवर दया करा असं यहूदाच्या पत्रात (२२) आहे. पालकांना हे दाखवलं की त्यांचा ताण उतरतो. बहुतेकांना फक्त संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा असतो हे याकोबातलं वचन (१:६) आठवत असतं. पण ओसीडी असलेल्या मुलाला हीच वचनं रोज द्यायला गेलं तर तीही दिलाशाची गोळी होतात. ‘ज्याला ते पाप झालं असेल अशी भीती वाटते त्याच्याकडून ते झालेलं नसतं’ हे पास्टर लोकांचं नेहमीचं वाक्य चांगलं आहे, पण एकदाच. ह्या मुलानं तेही मनात पन्नासदा घोळवायला सुरुवात केली होती: मला पुरेशी भीती वाटतेय ना?

आठव्या-नवव्या आठवड्यापर्यंत वहीतली संख्या दिवसाला चार-पाचवर आली. मग जानेवारीत तीन दिवसांचं कन्व्हेन्शन झालं, शेवटच्या रात्री पुढं येण्याचं आवाहन, मंद दिवे, कीबोर्ड, ‘आज रात्री मेलास तर कुठं जाशील?’ दुसऱ्या दिवशी वही भरली. हे घडतंच. आधी ठाऊक असलं तर शेवटच्या अर्ध्या तासाला मुलाला बाहेर नेता येतं, किंवा तो बसणार असेल तर जागेवरून न उठणं हीच शिडीची एक पायरी करता येते. दोन आठवड्यांत गाडी रुळावर आली.

आता मार. आज्जी आजारी असताना मंडळीनं साखळी-उपास धरला होता. ती गेली. सांत्वनाला आलेल्या कोणीतरी म्हटलं, कोणाच्या तरी अविश्वासानं काम अडलं. बोलणारा बोलून चहा पिऊन गेला. मुलानं ते आपल्यावर घेतलं, कारण त्या घरात ‘अविश्वास’ कोणाकडं आहे हे त्याला एकट्याला माहीत होतं. हे त्यानं सातव्या भेटीत सांगितलं. इथं वही नाही, शिडी नाही. आज्जीला कुठला आजार होता, डॉक्टर शेवटी काय म्हणाले, हे वडिलांनी त्याला बसवून, कागद दाखवून सांगावं एवढंच केलं. तेरा वर्षांच्या मुलाला कोणी ते सांगितलंच नव्हतं. वडील सांगताना रडले. ज्या घरात रडण्यापेक्षा स्तुती करण्याची शिस्त असते तिथं मुलांना शोक करायला वेळच मिळत नाही.

आणि मग उरले प्रश्न, खरे प्रश्न. शाळेतला माझा मित्र गणपतीला मानतो, माझ्यापेक्षा चांगला आहे, तो नरकात का? प्रार्थनेचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते उत्तर आहे हे कसं कळायचं? वयाच्या अकरा-बारानंतर मुलाची विचार करण्याची रीत बदलते, गोष्ट जशी ऐकली तशी न घेता त्यातली विसंगती त्याला दिसू लागते. जेम्स फाउलर या अमेरिकन अभ्यासकानं श्रद्धेच्या वाढीचे टप्पे मांडताना हेच नोंदवलं आहे. म्हणजे हा बिघाड नव्हे. समुपदेशकानं ह्या प्रश्नांची उत्तरं द्यायची नाहीत, कुठल्याच बाजूनं. ती घराची आणि त्या मुलाची गोष्ट.

घरासाठी रीत अशी सांगितली. प्रश्न आला की आधी विचारा, ‘हे कशावरून आठवलं?’ मग तुम्ही काय मानता आणि का, हे दोन-तीन वाक्यांत सांगा, जे कळत नाही तेही सांगा. वचन झाकणासारखं वर ठेवू नका. आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत ‘प्रभू, आमच्या लेकराचं कठीण मन मोड’ असं मोठ्यानं म्हणू नका. आपल्याकडं प्रार्थनेतून बोलणी घालायची ही पद्धत फार आहे. देवाशी बोलल्याचं सोंग आणि ऐकवायचं मुलाला! त्याला उलट बोलताही येत नाही.

वडिलांना सगळ्यांत जड गेलं ते हेच. त्यांची बाजू समजून घेण्यासारखी आहे. चार घरं. गावच्या यात्रेला वर्गणीवरून कुजबुज, शाळेत पोराला ‘तुमचा देव इंग्रजांचा’ असं ऐकावं लागतं. २०२१ च्या डिसेंबरात कर्नाटकाचं धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते इथंच, बेळगावच्या सुवर्णसौधात. तेव्हापासून घरातल्या प्रार्थनासभेची खिडकी लावून घ्यायची सवय अनेकांना लागली. अशा वेळी आपलंच पोर ‘देव कशावरून’ म्हणालं की बापाला ते प्रश्नाऐवजी फितुरीसारखं ऐकू येतं. मुलाची अडचण याच्याच दुसऱ्या टोकाला. शाळेत तो सगळ्या ख्रिस्ती धर्माचा वकील असतो, घरी आल्यावर आरोपी. शंका घेऊन उभं राहायला त्याला जागाच नव्हती. एकत्र बैठकीत तो एवढंच म्हणाला, ‘पणजोबांनी प्रश्न विचारला ते साक्षीत सांगता. मी विचारला तर सैतान?’

वडील गप्प झाले. बेळगावात लंडन मिशन १८२० साली आलं, १९०४ मध्ये ते काम अमेरिकन मेथडिस्टांकडं गेलं. इथली बरीच ख्रिस्ती घरं त्यानंतरच्या कुठल्या ना कुठल्या पिढीत कोणीतरी बापाच्या देवाविषयी शंका घेतल्यामुळंच ख्रिस्ती झाली. बेळगावातच १८३१ साली जन्मलेले मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी १८५४ साली बाप्तिस्म्यापर्यंत पोचले ते वर्षानुवर्षं मनाशी भांडून. वडिलांनी पुढच्या भेटीत पणजोबांची साक्ष, म्हणजे ते ख्रिस्ती कसे झाले ती हकिकत, पुरती सांगितली, त्यात घरच्यांनी त्यांना सहा महिने घराबाहेर ठेवलं होतं हा भाग नेहमी वगळला जायचा.

उपासनेला जायची सक्ती करावी का, हे सगळे विचारतात. आमचं मत: तेरा-चौदाव्या वर्षी कुटुंबासोबत उपासनेला यावं, घराची रीत म्हणून. पण हात वर करणं, साक्ष देणं, प्रभुभोजन घेणं यांची सक्ती नाही आणि त्याबद्दल परतीच्या वाटेवर एक शब्द नाही. वाढत्या मुलाला उपास नाहीत. मोबाइलवरचे वाद दिवसा, बाहेरच्या खोलीत, वीस मिनिटं. सोळाव्या वर्षी पुन्हा बसून ठरवायचं. काही कुटुंबांना हे ढिलं वाटतं, काही मुलांना कडक.

उपचाराच्या शेवटी मोजपट्टीवर गुण ९ आले. गोळ्या लागल्या नाहीत, सगळ्यांचं असं होत नाही. बाप्तिस्मा त्यानं अजून घेतलेला नाही. घेईल की नाही हे सांगता येत नाही, आणि वडिलांना ते आवडलेलंही नाही. परत यायच्या खुणा लिहून दिल्या आहेत: सलग आठ दिवस रात्री उठणं, सकाळ-रात्रीखेरीज क्षमेच्या प्रार्थना वाढणं, आईला तोच प्रश्न पुन्हा विचारणं, जेवण तुटणं. मरणाची भाषा आली तर भेटीची वाट बघायची नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत आणि कन्नडातही. मुलांसाठी १०९८ आहे.

आईनं मात्र आपल्या रविवार शाळेत काही बदल स्वतःहून केले, ते इतर शिक्षिकांच्या उपयोगाचे आहेत. सात वर्षांखालच्या मुलांना नरकाचं चित्र दाखवत नाही. ‘आज रात्री मेलास तर’ हे वाक्य बंद. हात वर करायला सांगायचं तर वर्षातून एकदा, सगळ्यांचे डोळे उघडे असताना, आणि ज्यांनी केला नाही त्यांना परत विचारायचं नाही. ज्यांनी केला त्यांना त्याच दिवशी सांगते की ही प्रार्थना एकदाच करायची असते, शब्द चुकले तरी चालतात. वर्गात एक डबा ठेवलाय, त्यात नाव न घालता प्रश्नाची चिठ्ठी टाकायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती तीन चिठ्ठ्या वाचते, आणि ज्याचं उत्तर येत नाही ती पास्टरना देते.